रुंद काठाची टोपी

बडोद्याच्या एका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. येत्या मे महिन्यात त्या, त्यांचे यजमान आणि कॉलेजात शिकणारी कन्या असे तिघे बद्री-केदारच्या यात्रेस निघणार आहेत. कन्येचा आग्रह असा, की तिघांनीही उन्हासाठी चांगल्या रुंद काठाच्या टोप्या घ्याव्यात. यजमानांचे म्हणणे असे, की आपल्या घराण्यात आजवर कोणी हॅट घातलेली नाही, आणि देवाच्या दारी तर ती मुळीच नको. “आपण मुख्याध्यापक आहात, दर वर्षी मुलांना सहलीस नेता, तेव्हा निवाडा आपणच द्यावा,” असे भगिनींनी लिहिले आहे.

निवाडा देणाऱ्याने त्या प्रकरणात आपला काही संबंध असेल तर तो आधी उघड करावा, असा संकेत आहे. आमचा संबंध आहे आणि तो फारसा भूषणावह नाही. आजवर या स्तंभात तो प्रसंग आम्ही सांगितला नाही; परंतु टोपीविषयी लिहावयाचे आणि तेवढे गाळावयाचे, हे आता आम्हांस जमणार नाही.

हॅटविषयी आमच्या मनात अढी होती, हे प्रथम कबूल करतो. आजोबांची होळकरी पगडी आम्ही लहानपणी खुंटीवर पाहिली आहे. वडील काळी टोपी घालून कचेरीत जात, आणि बोडक्या डोक्याने कोणी दारात आले तर त्यांच्या कपाळावर आठी पडे. आमच्या पिढीने टोपी काढली ती काढलीच. मात्र काठाची टोपी ही आपली नव्हे, ती साहेबाची, हा समज आम्ही काढला नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज वगैरे दर्यापारच्या व्यापाऱ्यांस ‘टोपीकर’ म्हटले आहे. एम. ए. ला आम्ही तो ग्रंथ अभ्यासला, आणि त्या शब्दातला संशय आमच्या मनात कायमचा घर करून बसला. शिवाय मराठीत एखाद्यास टोपी घालणे म्हणजे काय करणे, हे वाचकांस सांगावयास नको.

असो. गेल्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरात निघावयाची शाळेची सहल कधी बस मिळेना म्हणून, कधी परवानगीचा कागद येईना म्हणून लांबत लांबत मार्चच्या तिसऱ्या आठवड्यावर आली. ठिकाण मांडवगड. इंदूरहून शंभरेक किलोमीटर. सकाळी सातला निघावयाचे आणि रात्री परतावयाचे.

शाळेच्या फाटकापाशी आम्ही नेहमीप्रमाणे गणवेशाची पाहणी केली. सातवीतील एका मुलाच्या डोक्यावर खाकी कापडाची, चारही बाजूंनी चार बोटे रुंद काठाची, हनुवटीखाली दोरी असलेली जुनी टोपी होती. ती त्याच्या आजोबांची. पाटबंधारे खात्यात ते मोजणीच्या कामावर होते आणि अशा टोपीखाली त्यांनी निमाडातील उन्हात उभी हयात काढली होती, हे आम्हांस पुढे कळले. त्या क्षणी दिसली ती केवळ गणवेशात न बसणारी एक वस्तू. “ही शाळेची सहल आहे, शिकार नव्हे,” असे आम्ही म्हणालो. मुले हसली. मुलाने टोपी काढली, आणि आमच्या सांगण्यावरून ती बसमधल्या आपल्या जागेवर ठेवली. दिवसभर ती तेथेच राहिली.

जहाज महाल, हिंदोळा महाल, जामी मशीद, होशंगशहाची कबर असे पाहता पाहता बारा वाजून गेले. पुरीभाजीचे जेवण झाले. रूपमतीच्या मंडपाचा चढ आम्ही दीडच्या सुमारास चढू लागलो. मुलांच्या बाटल्यांतले पाणी तोवर संपले होते. पाण्याचा मोठा पिंप बसमध्ये होता, आणि बस खाली उभी होती. मांडवगड सहाशे मीटरांहून उंच असल्याने तेथे वाऱ्याची झुळूक असते. त्या झुळुकीने ऊन किती लागते आहे हे कळत नाही. आमच्या हाती आमची काळी छत्री होती, आणि ती उघडलेली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

अर्ध्या चढावर तो मुलगा रस्त्याच्या कडेला बसला. आम्ही म्हणालो, “उठा, वर जाऊन बसू.” तो उठला, चार पावले चालला, आणि घेरी येऊन पडला. चेहरा पांढराफटक, अंगाला दरदरून घाम, हात मात्र गार. आमच्या व्यायामशिक्षकांनी त्याला उचलून एका झाडाखाली नेले. तेथे खुरासानी चिंचेची ती मोठाली, दुधीभोपळ्यासारखी फळे विकावयास एक वृद्ध बाई बसली होती. आम्ही काय करावे या विचारात असतानाच तिने आपल्या मडक्यातले पाणी लुगड्याच्या पदरावर ओतले, तो पदर मुलाच्या डोक्यावर व मानेवर धरला, आणि आमच्याकडे पाहून, पोराच्या डोक्याला काहीच कसे नाही, असे आपल्या बोलीत विचारले. तिला आम्ही काय सांगणार?

मुलाला उलटी झाली, मग तो डोळे उघडून बोलू लागला. गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासले, साखर-मिठाचे पाणी घोटाघोटाने पाजले, दोन तास निजवून ठेवले. हा उन्हाचा शीण आहे, उष्माघात नव्हे, असे त्यांनी सांगितले. दोहोंतला फरकही समजावला. शिणात माणूस घामाघूम होतो, त्याला चक्कर येते, मळमळते. सावली, पाणी आणि विसावा यांनी तो सावरतो. उष्माघातात शरीराचा ताप चाळीस अंश सेल्सियसच्या वर जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा शुद्ध हरपतो. तेव्हा अंग थंड करीत करीत तत्काळ रुग्णालय गाठावयाचे, क्षणाचाही विलंब करावयाचा नाही. पहिल्याकडे दुर्लक्ष केले की दुसरा फार दूर नसतो. केवळ टोपी असती म्हणजे हे टळलेच असते असे नाही, पाण्याची आणि वेळेचीही चूक झाली, असे डॉक्टर म्हणाले. हे त्यांचे सौजन्य. पाणी आणि वेळ यांची चूक अनेकांची होती. टोपीची एकट्या आमची होती.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील शाळेत आले. तक्रार करावयास आले असतील या समजुतीने आम्ही खुर्चीत सावरून बसलो. ते म्हणाले, “सर, तुम्ही बरोबर होतात म्हणून निभावलं.” त्यांनी हात जोडले. मुलाने घरी टोपीचा विषय काढलेला दिसत नव्हता. आम्हीही काढला नाही. त्या हात जोडण्याने आमची झोप आठ दिवस उडाली.

नवव्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलाची प्रकृती विचारण्याच्या निमित्ताने. वडील कामावर गेले होते. आजोबा ओसरीत बसले होते, आणि त्यांच्या मागे खुंटीवर ती टोपी होती. जे सांगावयाचे ते आम्ही त्यांस एका दमात सांगितले. ते ऐकून ते म्हणाले, “पोरानं त्याच रात्री सांगितलं मला, हेडमास्तर. त्याच्या बापाला मीच सांगू दिलं नाही.” आणि मग, जणू एवढा विषय संपला, अशा रीतीने त्यांनी खुंटीवरची टोपी काढून आमच्या हाती दिली. “बघा तरी काय आहे ते.”

टोपी निवडण्याचे जे काही ज्ञान आज आम्ही बडोद्याच्या भगिनींस देणार आहोत, त्यातला बराच भाग त्या ओसरीतला आहे. काकांनी (त्यांना आम्ही आता काका म्हणतो) पहिली गोष्ट सांगितली ती काठाची. चार बोटे काठ हवा, आणि तो चहूकडून हवा. पुढे चोच असलेली क्रिकेटची टोपी कपाळ व नाक झाकते. कान आणि मान उघडीच राहतात. शेतात वाकून काम करणाऱ्याची आणि चढ चढणाऱ्याची मानच आधी भाजते. आपल्याकडचा साफा डोक्याला चांगला जपतो, त्याचा शेमला मानेवरही येतो, पण डोळ्यांवर सावली पडत नाही. आमच्या शाळेत पुढे आम्ही पट्टीने मोजले, तेव्हा मोठ्या माणसाची चार बोटे साधारण साडेसात सेंटिमीटर भरली. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे. तेथील कर्करोगविषयक संस्थेने मोठ्यांच्या टोपीच्या काठासाठी नेमकी हीच किमान रुंदी सांगितली आहे, आणि लहान मुलांसाठी पाच सेंटिमीटर. त्याच देशातील कित्येक शाळांत असा नियम आहे, की ज्याच्या डोक्यावर टोपी नसेल त्याने मैदानावर खेळावयाचे नाही, सावलीत बसावयाचे. हे वाचले तेव्हा आम्ही चष्मा काढून ठेवला. आमचा नियम याच्या नेमका उलट होता.

काठाची रुंदी आणि सूर्याची उंची यांचे एक सोपे गणित आहे. ते आम्ही पुढे आठवीच्या मुलांकडून मैदानावर करवून घेतले. मीटरभर लांबीची काठी उभी रोवली आणि दिवसभर तिची सावली मोजली. मार्चअखेरीस सकाळी दहाच्या सुमारास सावली काठीएवढी झाली, साडेबाराच्या सुमारास ती चाळीस सेंटिमीटरांवर आली, आणि सव्वातीनच्या सुमारास पुन्हा काठीएवढी. (आपल्या घड्याळाची वेळ पूर्वेकडच्या रेखावृत्तावरून ठरलेली असल्याने इंदुरात सूर्य बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास माथ्यावर येतो, हे मुलांना फार नवलाचे वाटले.) सावली वस्तूएवढी असते तेव्हा सूर्य पंचेचाळीस अंशांवर असतो, आणि साडेसात सेंटिमीटरांचा आडवा काठ तेव्हा साडेसात सेंटिमीटरच खाली सावली टाकतो, म्हणजे भुवईपासून नाकापर्यंत. सूर्य साठ अंशांवर चढला की तोच काठ तेरा सेंटिमीटर, म्हणजे हनुवटीपर्यंत झाकतो. माथ्यावरच्या उन्हात काठ पुरेसा असतो. कलत्या उन्हात तो अपुरा पडतो आणि तोंड फिरवून चालावे लागते. मुलांना आम्ही सांगितले, की तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड दिसली की डोके झाकावयाचे. घड्याळ नको, यंत्र नको. हल्ली फोनवरच्या हवामानात यूव्ही निर्देशांक म्हणून एक आकडा मिळतो. तो तीन किंवा अधिक असेल तर बचाव करावा आणि आठच्या पुढे विशेष जपावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सावलीचा नियम मात्र फोन बंद पडला तरी चालतो.

काकांची दुसरी गोष्ट विणीची. टोपी विकत घेताना ती डोक्यावर घालण्याआधी उजेडाकडे धरून आतून पाहावी. चाळणीसारखे ठिपके दिसले तर जितका उजेड येतो तितके ऊनही येते, मग काठ हातभर का असेना. गवती टोपी हलकी आणि हवेशीर खरी, पण तिची वीण घट्ट हवी. ज्या गवती टोपीस जग पनामा म्हणते ती मुळात पनामाची नव्हेच, इक्वेडोरची. तेथे ‘टोकिया’ नावाच्या ताडासारख्या झाडाच्या पानांच्या धाग्यांपासून ती विणतात, आणि २०१२ साली त्या विणकामास युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. तिची चांगली वीण इतकी बारीक असते, की ती कापडासारखी भासते. आपल्या बाजारात त्या नावाने जे मिळते ते पुष्कळदा कागदाच्या दोऱ्याचे असते. एका पावसात त्याचा लगदा होतो.

तिसरी गोष्ट आम्हांस ठाऊकच नव्हती. काठ वरून फिकट आणि खालून गडद हवा. फिकट रंग ऊन परतवतो. खालचा गडद रंग जमिनीवरून, पाण्यावरून वर येणारी तिरीप गिळतो, ती डोळ्यांत जात नाही. काकांच्या टोपीस आतून हिरवे कापड होते. ते म्हणाले, की त्यांच्या आधीच्या अधिकाऱ्यांच्या सोला टोप्यांनाही आतून हिरवेच अस्तर असे.

सोला टोपीवरून थोडे विषयांतर. तिला पुष्कळ जण ‘सोलर’ म्हणजे सूर्याची टोपी समजतात. ते चूक आहे. सोला किंवा शोला हे पाणथळ जागी उगवणाऱ्या एका झुडपाचे नाव. त्याचा पांढरा, कमालीचा हलका गाभा म्हणजे आपले भेंड. ज्या भेंडाची आपल्याकडे बाशिंगे होतात आणि बंगालात नवरदेवाचा मुकुट होतो, त्याच भेंडाची साहेबाची टोपी होई. म्हणजे जिला आम्ही जन्मभर परकी समजलो तिचा गाभा आमच्याच बोहल्यावरचा निघाला. एम. ए. च्या अभ्यासक्रमात हे नव्हते.

चौथी गोष्ट डोके आणि टोपी यांच्यातील हवेची. टोपी कवटीस घट्ट चिकटली की तिच्या आत घाम कोंडतो आणि डोके अधिकच तापते. कपाळावर, भुवईच्या एक बोट वरून आणि कानांच्या वरून दोरा गुंडाळून माप घ्यावे, आणि त्यात एक बोट शिरेल एवढी सैल टोपी घ्यावी. बाजूंस जाळीची भोके असावीत, माथ्यावर नसावीत. आत घाम टिपणारी सुती पट्टी असावी. धुता येत नाही ती टोपी घेऊ नये, हे आमच्या घरातून आलेले पाचवे कलम.

घरचा उल्लेख आला तेव्हा बाजाराचाही करावा. एप्रिलमध्ये राजवाड्याजवळच्या बाजारात आम्ही सौभाग्यवतींसह टोपी घ्यावयास गेलो. दुकानदाराने प्रथम आमच्या डोक्यावर अशी एक टोपी ठेवली, की तिचे दोन्ही काठ वर वळलेले होते आणि आरशात आम्ही गुराखी दिसत होतो, तोही अमेरिकेतला. वर वळलेल्या काठाची सावली कानावर पडत नाही, असे आम्ही त्यास काकांच्या आधाराने सांगितले. मग त्याने एक लिबलिबीत काठाची दिली. चार पावले टाकताच काठ डोळ्यांवर आला आणि आम्ही दुकानाच्या पायरीवर ठेचकाळलो. काठात तार किंवा जाड शिवण हवी, हे ज्ञान तेथे पायाच्या अंगठ्याने मिळवले. शेवटी घट्ट विणीच्या फिकट बदामी कापडाची, खालून गडद, गुंडाळून पिशवीत ठेवता येईल अशी एक मिळाली. तिच्या आत ‘यूपीएफ ५०’ अशी चिठ्ठी होती. याचा अर्थ त्या कापडातून अतिनील किरणांचा पन्नासावा भाग तेवढा आत येतो. चिठ्ठी नसली तरी घट्ट विणीचे जाड सुती कापड पुष्कळ काम करते, तेव्हा केवळ चिठ्ठीसाठी दुप्पट दाम मोजू नये असे आमचे मत आहे.

सौभाग्यवतींनी तीन टोप्या पाहिल्या आणि तिन्ही अंबाड्यावर बसेनात. “अहो, साडीवर हॅट घालून मी कुठल्या मळ्यावर जाणार आहे?” असे म्हणून त्यांनी पदर आणि छत्री यांवरच विश्वास ठेवला. त्यांचे सर्वस्वी चुकले असे म्हणवत नाही. छत्रीची सावली कोणत्याही टोपीपेक्षा मोठी. मात्र ती एक हात अडवते, वाऱ्यात उलटते आणि चढावर कामाची नसते. पुढे मे महिन्यात एके दुपारी आम्ही गच्चीवर गेलो, तर कुरडयांच्या चाळीस फुलांमधोमध आमची बदामी टोपी वावरताना दिसली. खाली सौभाग्यवती होत्या. आम्ही आवाज न करता जिना उतरलो.

आता बद्री-केदार. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांहून उंच, बद्रीनाथ तीन हजारांहून. आपण मैदानातली माणसे ऊन आणि उष्णता एकच समजतो आणि फसतो. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांचा जोर सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो; म्हणजे केदारच्या वाटेवर अंगात लोकर असते, हात थंडीने काकडलेले असतात, आणि कपाळावरचे ऊन मात्र बडोद्याच्या उन्हाहून जहाल असते. विरळ ढग आले म्हणून ते थांबत नाही. वाटेत ताजा बर्फ लागला तर तो ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण खालून वर फेकतो. तेथे टोपीचा काठ काय करणार? त्यासाठी काळा चष्मा लागतो. आपली सावळी कातडी गोऱ्यांच्या मानाने पुष्कळ सोसते हे खरे; डोळ्यांस मात्र ती सवलत नाही, आणि वर्षानुवर्षांचे ऊन मोतीबिंदूस हातभार लावते. भगिनींच्या यजमानांचे वय पत्रावरून आमच्याइतके दिसते. त्यांनी या वाक्यापाशी थोडे थांबावे.

तेव्हा निवाडा कन्येच्या बाजूने. टोपी चार बोटे काठाची, चटकन वाळणाऱ्या कापडाची असावी. पहाडात दुपारी पाऊस येतो आणि भिजलेली सुती टोपी ओझे होते. सकाळच्या थंडीत आतून कानटोपी घालता येईल एवढी ती सैल हवी. दोरी हवीच. घोड्यावर बसणार असाल तर दोरी बांधल्याशिवाय टोपी घालूच नका. उडालेल्या टोपीने घोडा बुजतो, आणि दरी एका बाजूला असते. लहान मुले बरोबर असतील तर त्यांची दोरी ओढ बसताच सुटेल अशी असावी, गळ्यास फास बसता कामा नये. देवाच्या दारी हॅट नको, हे यजमानांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. दारापर्यंत डोक्यावर आणि दारात हातात, इतकेच. वहाणांचे आपण तसेच करतो.

आमच्या शाळेचे काय झाले, तेही सांगणे प्राप्त आहे. प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलांसमोर आपली चूक बोलून दाखवावी असे आम्ही जूनपासून ठरवीत होतो. ते झाले नाही. तोंड उघडले की ‘शिस्त’ हाच शब्द पुढे येई. अखेर फळ्यावर सूचना लिहिली, की सहलीस येताना कोणत्याही रंगाची काठाची टोपी आणावी. ती नसेल तर गमछा किंवा ओढणी आणावी, भिजवून डोक्यास व मानेस गुंडाळावी. पाण्याची बाटली आणि डोके यांची पाहणी गणवेशाच्या आधी होईल. आमच्या शाळेत बहुतेक मुलांच्या घरी नवी टोपी घेणे हा खर्चच आहे, म्हणून गमछ्याचे कलम घातले. मडक्यातल्या पाण्याने भिजवलेला पदर काय करतो, ते आम्ही पाहिले होते.

यंदाची सहल जानेवारीत, महेश्वरला निघाली. फाटकापाशी पाहणीच्या वेळी अठ्ठेचाळीस डोकी होती, त्यांत एकोणीस टोप्या, बाकी गमछे आणि ओढण्या. रंग म्हणाल तर अक्षरशः जत्रा. तो मुलगा आता आठवीत आहे. आजोबांची खाकी टोपी त्याच्या डोक्यावर होती. आम्ही तिच्याकडे पाहिले, त्याने आमच्या बदामी टोपीकडे पाहिले. दोघेही काही बोललो नाही.

दुपारी घाटावरून नावेत बसलो. नर्मदेच्या मध्यावर वारा सुटला आणि आम्ही काठ हाताने धरून बसलो. तो समोरच्या फळीवर होता. थोडा वेळ त्याने पाहिले आणि मग पुढे वाकून हळूच म्हणाला, “सर, दोरी खाली घ्या. आजोबा म्हणतात, हातानं धरलेली टोपी उडतेच.” आम्ही दोरी हनुवटीखाली घेतली. गाठ त्यानेच सारखी करून दिली.